अध्यक्षांसाठी सतरा प्रश्न

पत्रकाराला धमकी देऊन फारसा उपयोग होत नाही. जेवण घालून थोडाफार होतो, पण तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच टिकतो. त्याला खरोखर लोळवायचं असेल तर त्याच्यासमोर दुसऱ्याने काढलेला चांगला प्रश्न ठेवावा. आपल्याला का सुचला नाही, या विचाराने तो आपोआप झुरणीला लागतो. मी लागलो होतो. तीस वर्षं जळगावात वार्ताहरकी केली, त्यात पुरात भिजलो, लाठीमारात एकदा चष्मा गमावला, पण कशाने हाडं पोखरली असतील तर या एका हेव्याने. या अंकाच्या संपादकांनी ‘भेटलेली थोर माणसं’ या विषयावर लिहायला सांगितलं आहे. मला एका परदेशी राष्ट्राध्यक्षांचं दर्शन घडलं होतं, म्हणून त्यांनी मला धरलं. अध्यक्ष येतीलच या लेखात. पण थोर माणूस म्हणून मला जो आठवतो, त्याचं नाव वसंत बागूल, मुक्काम धुळे, आणि त्याला थोर म्हणताना आजही माझी लेखणी अडते.

बागूल एक साप्ताहिक काढायचा. चार पानांचं. संपादक तो, वार्ताहर तो, छपाईचे खिळे जुळवणारा तो आणि अंक सायकलवरून वाटणाराही तोच. साप्ताहिकावर पोट भरत नाही म्हणून त्याच छापखान्यात लग्नपत्रिका आणि हॅन्डबिलं छापायचा. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मी बी. ए., आणि मुंबईच्या एका मोठ्या दैनिकाचा जळगावातला वार्ताहर. खिशाला फाउंटन पेन, तारा पाठवायला कार्ड. तो मॅट्रिक नापास, कानाला पेन्सिल. आम्हा दोघांत तुलना व्हायचं काही कारणच नव्हतं, आणि ती मी रोज करायचो.

याला सुरुवात झाली दुष्काळात. रस्त्याच्या कामावर मजुरांना सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा सरकारी खाऊ, वाटायचे. ती पाहायला एक मंत्री आले. आम्ही सात-आठ वार्ताहर त्यांच्या गाडीमागे धुळीत. मी आदल्या दिवशी प्रश्न लिहून ठेवला होता: दुष्काळी कामांचं नियोजन, निधीचं वाटप आणि जिल्हा परिषदेची भूमिका, असं तिन्ही एकात बांधलेलं. मंत्रिमहोदयांनी तितकंच लांब उत्तर दिलं. दोघांनाही समाधान वाटलं. मग मागून बागूलचा आवाज आला, त्याच्या अहिराणीत, “साहेब, हाई सुकडी तुम्ही चाखी का?” मंत्री थांबले. शेजारी परातीत सुकडी होतीच, समोर दोनशे मजूर होते. त्यांनी चिमूटभर उचलून तोंडात टाकली, आणि त्यांचा चेहरा जो झाला, तो आम्ही सगळ्यांनी पाहिला. आठ दिवसांत सुकडी सुधारली. माझ्या बातमीत मला माझा प्रश्न घालायचाच होता, पण मुंबईच्या डेस्कने तो कापला आणि सुकडी ठेवली. बागूलचं नाव मी दिलं नव्हतं. ‘एका पत्रकाराने विचारले असता’ असं लिहिलं होतं.

बाहेरच्यांना वाटतं, पत्रकार म्हणजे सुचेल ते विचारणारा माणूस. तसं नसतं. प्रश्न करावा लागतो, भाकरीसारखा. पीठ आधी मळून ठेवायचं. ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येतं तो प्रश्न नव्हे. ज्यात विचारणाऱ्याचं ज्ञान दिसतं तोही नव्हे, कारण समोरचा त्या ज्ञानाचं कौतुक करून निसटतो. हे सगळं मला तोंडपाठ होतं. नवशिक्यांना मी ते सांगायचो. फक्त माझ्या हातून प्रश्न उतरायचा तो नेहमी लांब, टाय बांधलेला.

तर असा आमचा खान्देश, आणि तिथे एक दिवस बातमी आली की अमुक देशाचे अध्यक्ष अजिंठा पाहायला येणार. कोणत्या देशाचे ते लिहीत नाही. त्या देशाशी माझं भांडण नाही. ज्याच्याशी होतं तो धुळ्याला राहत होता. हे पाहुणे सांचीहून खास गाडीने जळगावला उतरणार, विश्रामगृहात चहा घेणार आणि मोटारीने लेण्यांकडे जाणार. विमानाने औरंगाबादला उतरायचं सोडून त्यांनी ही वाट का धरली, तर अध्यक्षांना आगगाडी आवडायची म्हणे. गावात रस्ते झाले, कुत्री धरली, विश्रामगृहाला पिवळा रंग लागला. स्वागताला केळीचे घड ठेवायचं ठरलं होतं. आपल्याकडची केळी, दुसरं काय ठेवणार? पण शिष्टाचारवाल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, सालीचं काय करायचं? ते कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, म्हणून घड परत गेले.

स्थानिक पत्रकारांना अध्यक्ष दहा मिनिटं देणार होते. माहिती अधिकाऱ्यांनी मला बोलावून घेतलं. हे गृहस्थ सज्जन, पण वरून आलेल्या कागदाला देव मानणारे.

“वाणी,” ते म्हणाले, “तीन प्रश्न. जळगाव-धुळे दोन्ही जिल्ह्यांचे मिळून. आठ दिवस आधी, इंग्रजीत, तीन प्रतीत. प्रश्न राजकीय नको, धार्मिक नको, वादग्रस्त नको, व्यक्तिगत नको.”

“मग उरलं काय?” मी विचारलं.

“ते तुम्ही ठरवा. म्हणूनच तुम्हाला बोलावलं. प्रश्न गोळा करा, तीन निवडा, भाषांतर करा. तुमचं इंग्रजी चांगलं आहे.”

या शेवटच्या वाक्यावर मी महिनाभर जगलो असतो. मी दोन्ही जिल्ह्यांतल्या वार्ताहरांना कार्डं टाकली: प्रत्येकाने एक प्रश्न पाठवावा.

आले सतरा. आणि तेव्हा मला आपल्या मुलखातल्या वार्ताहराची खरी ओळख झाली. त्याला प्रश्न विचारायची सवयच नव्हती. त्याला निवेदन द्यायची सवय होती. कुणीही मोठा माणूस आला की त्याच्या हातात एक अर्ज द्यायचा, ही आपली रीत. मंत्री असो, रेल्वेचा साहेब असो, नाहीतर परदेशचा राष्ट्राध्यक्ष असो. चाळीसगावच्या वार्ताहराने लिहिलं होतं, ‘चाळीसगाव जंक्शनवर मेल गाडीचा थांबा वाढविण्याबाबत आपण काय करणार आहात?’ एदलाबादच्याने विचारलं होतं, ‘मुक्ताईच्या दर्शनास येण्याचा आपला विचार आहे काय, व असल्यास पुलाचे काम कधी पूर्ण होईल?’ पारोळ्याहून पाण्याच्या टाकीचा प्रश्न होता. एकाने तर नुसता अर्जच पाठवला होता, खाली सदतीस सह्या. बाजारभावाचं पत्रक काढणारे एक शेठजी स्वतः आले. पांढरी टोपी, कपाळाला गंध, हातात डाळीचे नमुने बांधलेल्या पुड्या.

“वाणीसाब, हमारा सवाल सीधा है,” ते म्हणाले. “आपके देश में कौनसी दाल खाते हैं?”

“शेठजी, यात विचारण्यासारखं काय आहे?”

“पूछो तो सही. मूंग बोले तो मूंग भेजेंगे, तूर बोले तो तूर.” पुड्या ठेवून ते गेले. खरं सांगतो, सतरातला हा प्रश्न वाईट नव्हता. त्याला उत्तर होतं.

माझा प्रश्न मी सगळ्यांच्या आधी तयार केला होता. वाचनालयात पाच दिवस बसून. ‘कच्चा माल निर्यात करणाऱ्या अलिप्त राष्ट्रांनी जागतिक बाजारपेठेतील आपल्या सौदाशक्तीच्या संवर्धनासाठी परस्परसहकार्याची कोणती दीर्घकालीन चौकट स्वीकारावी, असे आपणास वाटते?’ त्यात ‘सौदाशक्ती’ हा शब्द मीच पाडला होता. तो कुणाच्या तरी लक्षात येईल अशी आशा होती.

बागूलने प्रश्न टपालाने पाठवला नाही. एस. टी.ने स्वतः घेऊन आला. माझ्या टेबलासमोर उभा राहून त्याने प्रूफाच्या कागदाची एक पट्टी पुढे केली.

“वाणीभाऊ, मना प्रश्न बठ्ठासमा ल्हान शे. जागा कमी लागी.”

पट्टीवर पेन्सिलने लिहिलं होतं: ‘तुम्ही अध्यक्ष झालात हे तुमच्या घरात ज्याला वाचता येत नव्हतं, त्याला कोणी आणि कसं सांगितलं?’

मी वाचलं. परत वाचलं. हे अध्यक्ष शेतमजुराच्या पोटी जन्मले होते, दोनदा तुरुंगात जाऊन आले होते, हे पाच दिवस वाचनालयात बसून मीही वाचलं होतं. बागूलनेही तेवढंच वाचलं असणार, कदाचित त्याहून कमीच.

“हा कसला प्रश्न?” मी म्हणालो.

“मी पेपर काढस हाई मनी मायले अजून समजेल नही,” तो हसून म्हणाला. “तिले वाटस, मी लगीनन्या पत्रिका छापस. मंग मी इचार कया, या माणूसनी मायले कोणी सांगं व्हई?”

चहा घेऊन तो गेला. मी पट्टी घडी करून खिशात ठेवली, आणि पुढचे आठ दिवस ती तिथे टोचत राहिली.

घरी मी एक प्रयोग केला. माणूस हेव्याने आंधळा झाला की साक्षीदार शोधतो. आमची ही भाजी निवडत बसली होती. मी म्हटलं, दोन प्रश्न वाचतो, कोणता बरा ते सांग. आधी माझा वाचला. ती म्हणाली, “मीठ आणायला सांगितलं होतं, आणलंत का?” मग दुसरा वाचला. तिचा हात थांबला.

“मग? कोणी सांगितलं?” तिने विचारलं.

“अजून विचारायचा आहे.”

“विचारून या आणि मला सांगा.” थोड्या वेळाने तिने मान वर केली. “हा कुणाचा? तुमचा नाही वाटतं.”

मी मीठ आणायला बाहेर पडलो. वाटेत मी स्वतःलाच समजावत होतो की मराठीत तो प्रश्न चमकतो खरा, पण इंग्रजीत फिका पडेल. परत येऊन मी मुद्दाम भाषांतर केलं, फिका पडावा म्हणून. दोन ओळींचं झालं. मराठीपेक्षा चांगलं झालं. माझं इंग्रजी खरंच चांगलं होतं.

आता निवड. पहिला प्रश्न माझा. गोळा करणाऱ्याचा मान म्हणून. दुसरा धुळ्याच्या एका ज्येष्ठ संपादकांचा, दोन्ही देशांच्या मैत्रीविषयी. त्यांना टाळणं शक्य नव्हतं. तिसऱ्या जागेसाठी शेठजींची डाळ आणि बागूल. मी माहिती अधिकाऱ्यांचा कागद पुढे ओढला. त्यात लिहिलेलंच होतं, ‘व्यक्तिगत नको.’ ते वाचून मला जो आनंद झाला, त्याची लाज मला आत्ता हे लिहिताना वाटते आहे; तेव्हा अजिबात वाटली नाही. डाळीला शेतीविषयक देवाणघेवाणीचं रूप दिलं आणि यादी टंकलेखकाकडे दिली. बागूलला कार्ड टाकलं: ‘आपला प्रश्न चांगला आहे, तथापि व्यक्तिगत स्वरूपाचा असल्याने नियमात बसत नाही.’ ‘चांगला आहे’ हे शब्द लिहायला मला दोन कार्डं लागली. पहिलं फाडलं.

अध्यक्ष आले त्या सकाळी बागूल भेटला तो विश्रामगृहाच्या फाटकाशी. इस्त्रीचा शर्ट, कानाला तीच पेन्सिल. मी आधीच सावरून घेत म्हटलं, “कार्ड मिळालं ना? माझ्या हातात काही नव्हतं.”

“नियममा बसत नही ते बसत नही,” तो म्हणाला. “तुमले बठ्ठं माहीत शे.” आवाजात टोमणा होता का, हे मी आजपर्यंत ठरवू शकलेलो नाही.

मोठ्या दालनात आम्ही पंधरा-सोळा जण बसलो. पुढच्या रांगेत तीन खुर्च्या, तीन प्रश्न विचारणाऱ्यांसाठी. बागूल शेवटच्या रांगेत, खिडकीजवळ. अध्यक्ष आले. उंच, सावळे, हात मोठे. शेजारी दुभाष्या, मागे एक सचिव आणि कडेला आमचे कलेक्टर. मी उभा राहिलो आणि माझा प्रश्न सुरू केला. मी ‘सौदाशक्ती’पर्यंत, म्हणजे तिच्या इंग्रजी अवतारापर्यंत, पोचायच्या आत सचिवाने एक टंकलेला कागद अध्यक्षांच्या हातात दिला, आणि अध्यक्षांनी उत्तर वाचायला सुरुवात केली. मी उभाच. माझा प्रश्न अर्धा तोंडात. आठ दिवस आधी प्रश्न दिले की उत्तरंही आठ दिवस आधीच तयार होतात, हे मला, प्रश्नांच्या शास्त्रावर व्याख्यानं देणाऱ्या मला, सुचलंच नव्हतं. मैत्रीचंही उत्तर तसंच आलं, डाळीचंही. डाळीच्या उत्तरात डाळ नव्हती. तिन्ही मिळून चार मिनिटं लागली.

पुढच्या गाड्यांपैकी एका मोटारीत काही बिघाड निघाला होता, बाहेर धावपळ ऐकू येत होती. अध्यक्षांनी सचिवाचा हात बाजूला केला, आमच्याकडे पाहिलं आणि दुभाष्याकरवी विचारलं, “आणखी कुणाला काही विचारायचं आहे?”

मंजूर झालेले प्रश्न संपले होते, आणि मंजूर न झालेला प्रश्न विचारायची कुणाची छाती नव्हती. कलेक्टर छताकडे पाहत होते. माहिती अधिकाऱ्यांनी घाबरून मला डोळ्याने खुणावलं: तुम्ही विचारा, काहीही विचारा.

मला मागे वळायला हवं होतं. ‘बागूल, तुमचा प्रश्न विचारा, मी इंग्रजीत सांगतो,’ एवढं एक वाक्य. कागदावरचा नियम त्या क्षणी कुणालाच आठवत नव्हता, अध्यक्षांनीच दार उघडलं होतं. मला माहीत होतं की तो मागे बसला आहे, आणि त्याला इंग्रजी येत नसल्याने तो आपण होऊन उठणार नाही. हे सगळं मला स्पष्ट दिसत होतं. झटक्यात झालं, कळलंच नाही, असं मी म्हणणार नाही. मी उठलो, आणि स्वच्छ इंग्रजीत, एकही शब्द न चुकता, त्याचा प्रश्न विचारला. आठ दिवस मी तोच घोकत होतो.

दुभाष्याने सांगितलं. सचिवाकडे कागद नव्हता. अध्यक्षांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग बोलू लागले, अगदी हळू, आणि दुभाष्या तुकड्या-तुकड्याने सांगत गेला.

“माझ्या आईला वाचता येत नव्हतं. निकाल लागला त्या दिवशी मी राजधानीत होतो. तिला आणायला मी सरकारी गाडी आणि एक अधिकारी पाठवला. गाडी दारात थांबली तशी ती मागच्या दाराने पळाली. सरकारी गाडी आली म्हणजे मला धरायला आली, एवढंच तिला आयुष्यभर माहीत होतं. ती शेतात जाऊन लपली. त्या अधिकाऱ्याला तिला शोधायला दुपार लागली. तो ओरडून सांगत होता, तुमचा मुलगा अध्यक्ष झाला. ती पिकातून ओरडली, तो इथे राहत नाही.”

अध्यक्षांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही; ते थांबले होते. मी काहीतरी म्हणेन याची वाट पाहत होते. माझ्या डोक्यात काहीही नव्हतं. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मी वळून पाहिलं, तर बागूल अर्धा उठला होता, तोंड उघडलेलं. मी घाईने पुढे वळलो आणि म्हणालो, “थँक यू, युवर एक्सलन्सी.” तेवढ्यात मोटार दुरुस्त झाल्याचा निरोप आला आणि सगळे उठले.

बाहेर मला मिठ्या पडल्या. ज्येष्ठ संपादकांनी पाठ थोपटली. शेठजी म्हणाले, “वाणीसाब, आपने तो रुला दिया.” माहिती अधिकारी, ज्यांचा नियम मी मोडला होता, तेही डोळे पुसत होते. बागूल सगळ्यांत शेवटी आला.

“चांगलं इचारं, वाणीभाऊ,” तो म्हणाला, आणि एस. टी. स्टँडकडे चालू लागला.

मी तार केली. दुसऱ्या दिवशी ती मुंबईच्या अंकात पहिल्या पानावर चौकटीत आली: ‘जळगावच्या आमच्या वार्ताहराने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना...’ इतर भाषांतल्या पत्रांनीही ती उचलली. तीन महिन्यांत मला जिल्हा प्रतिनिधी केलं. वाचनालयाने सत्कार केला, शाल दिली. मी घरी आलो तेव्हा हिने विचारलं, “कोणी सांगितलं हो त्याच्या आईला?” मी सगळी हकिगत सांगितली. तिने डोळ्यांना पदर लावला. नंतर म्हणाली, “आणि तो प्रश्न ज्याचा होता, त्याला काय मिळालं?” मी शाल कपाटात ठेवायला उठलो.

बागूलच्या साप्ताहिकाची मी वाट पाहत होतो. तो लिहील, फाडून काढेल, अशी मला भीती होती, आणि खरं म्हणजे तशी इच्छाही होती. भांडण झालं असतं तर मी त्याला कृतघ्न, संकुचित, काहीही म्हणू शकलो असतो. अंक आला. पान दोनवर साधी बातमी: ‘जळगावचे वार्ताहर श्री. वाणी यांच्या प्रश्नाला अध्यक्षांनी पुढीलप्रमाणे उत्तर दिले.’ मी ती ओळ उलटीसुलटी वाचली, कुठे डंख आहे का ते पाहिलं. नव्हता. तेव्हा मला त्याच्या मोठेपणाचाही हेवा वाटला. प्रश्न मी घेतला होता, तरी वरचढ तोच ठरला होता.

पुढे मी पत्रकारांच्या शिबिरांत बोलावला जाऊ लागलो. ‘प्रश्न कसा विचारावा’ हा माझा विषय. उदाहरण एकच. दर वेळी सांगताना तो प्रश्न मला कसा सुचला याची हकिगत थोडी-थोडी वाढत गेली. एकदा तर त्यात माझी आई आली, जी उत्तम वाचायची.

सात-आठ वर्षं गेली. दरम्यान त्या अध्यक्षांनी आपल्या देशात विरोधकांना तुरुंगात टाकायला सुरुवात केली होती; आता दुसऱ्यांच्या दारांत त्यांच्या सरकारी गाड्या थांबत होत्या. ती बातमी मी वाचली तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं की त्या दिवशी दालनात काहीतरी अर्धं राहून गेलं. मी अस्वस्थ झालो. धुळ्याला एका बैठकीसाठी गेलो असताना पाय आपोआप बागूलच्या छापखान्याकडे वळले.

तो खिळे जुळवत होता. केस पिकले होते, पेन्सिल कानाला. मला पाहून त्याने स्टूल पुढे केलं. मी बसलो आणि एका दमात सांगून टाकलं: नियमाचं निमित्त केलं, तुझा प्रश्न मुद्दाम काढला, मग चोरला, आणि आजवर माझा म्हणून मिरवतो आहे.

त्याचे हात थांबले नाहीत. “माले तवयच समजनं व्हतं. मनाच प्रश्न, मी वळखसू नही का?”

“राग आला असेल.”

“उना ना. बराच उना.” त्याने एक खिळा उजेडात धरून पाहिला. “पण प्रश्न लिधा त्याना नही. तुम्ही आर्धामाच थांबी गयात, त्याना. तो पयला प्रश्न ते निस्ता दार ठोकाले व्हता. त्यानी दार उघाडं. तो वाट देखी ऱ्हायंता, भाऊ. आनि तुम्ही थँक यू म्हनीसन पाठ फिरायी.”

मला तो खुर्चीचा आवाज आठवला. “तुझ्याकडे दुसरा होता?”

“व्हता ना.”

“काय होता?”

बागूलने पहिल्यांदा हातातलं काम खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. वार्ताहराची नजर असते ना, समोरच्याला काय हवं आहे ते ओळखणारी, तशी. मला वाटतं, त्याला माझ्या चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसला असेल. पण त्याच्या मागे, अजूनही, दुसऱ्याचा प्रश्न मिळवायची हावही दिसली असणार.

“तो मना शे, वाणीभाऊ,” तो म्हणाला. “तितला ते मनाजोडे ऱ्हाऊ द्या.”

दुसरा प्रश्न त्याने आपल्यापाशीच ठेवला आणि चहा मागवला. आम्ही पावसापाण्याचं बोललो. माझ्या बसची वेळ झाली तशी तो स्टँडपर्यंत पोचवायला आला आणि खिडकीतून हात हलवून परत गेला. बागूल पुढे वारला. तो प्रश्न त्याने कुठे लिहून ठेवला असेल म्हणून मी त्याच्या साप्ताहिकाचे जुने अंक चाळले आहेत. नाही.

त्या दिवशी बस पारोळ्याला पोचेपर्यंत मी त्याच्या दुसऱ्या प्रश्नाच्या जागी चार प्रश्न तयार केले. आजपर्यंत चाळीस झाले असतील. सगळे बरे आहेत, छापण्यासारखे आहेत. त्यातला एकही त्याचा नाही, एवढं मला कुणाला विचारावं लागत नाही.